दोंडाईचेकरला काढायचं की ठेवायचं

नाना,

आज शनिवार. दुपारच्या चहापर्यंत मला ठरवायचं आहे. काल शुक्रवार होता आणि तुझा फोन आला नाही. येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी संध्याकाळभर मी मोबाईल हाताच्या अंतरावर ठेवला होता. आज सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. औषधांचा डबा आठवड्याप्रमाणे लावला, लावलेला पुन्हा तपासला, पुस्तकांच्या कपाटातली धूळ पुसली. मधूनमधून अ‍ॅप उघडते आणि बंद करते. दोंडाईचेकरच्या नावापुढचा पिवळा त्रिकोण तसाच आहे.

हे मुलं वाचणार आहेत. सम्यकनेच सांगितलं, आजी, नाना आजोबांबद्दल लिही, आणि मराठीतच लिही, मी श्रावस्तीला फोनवर वाचून दाखवीन. तो इंग्लंडात, ती कॅनडात, आणि माझी ही नातवंडं माझ्या अक्षरापेक्षा माझ्या आवाजाला जास्त सरावलेली. म्हणून तुला माहीत असलेल्याही काही गोष्टी मी उलगडून लिहिणार आहे. कंटाळू नकोस. तुझं जन्मगाव, तुझी नोकरी, तुला मिळालेले सत्कार हे सगळं त्या दिवशी विहारात बोलून झालं. बोलणाऱ्यांपैकी कुणीही दोंडाईचेकरचा विषय काढला नाही, आणि मला तर दुसरं काही सुचतच नाही.

खेळ सम्यकचा. दोन वर्षांपूर्वी त्याने घरच्यांची एक स्पर्धा सुरू केली, मुलं पांगली आहेत तर निदान आठवड्यातून एकदा एकमेकांना चिडवतील म्हणून. इंग्लंडातल्या खऱ्या फुटबॉल संघांमधले खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. ते तिकडे खरोखर कसे खेळतात त्यावर आपल्याला गुण. दर आठवड्याला सामने सुरू होण्याआधी एक बदल फुकट. त्याहून जास्त केले तर गुण कापले जातात. मला त्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला गोल कुठून मारतात तेही कळत नाही. तो म्हणाला, नाना आजोबांना कळतं, तुम्ही दोघं मिळून एक संघ करा. तू धुळ्यात शाळेच्या मैदानावर मुलांना व्हॉलीबॉल शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, फुटबॉल तुला तरी कुठे येत होता. पण तू लगेच हो म्हणालास, आणि संघाचं नाव ठेवलंस खान्देश एकादश.

आपली वाटणी आपोआप झाली. तू पाहायचास, मी वाचायची. तू धुळ्यात टीव्हीसमोर बसून कोण कसा धावतो, कोण पडल्यावर कुठे हात लावतो ते बघायचास. मी जळगावात कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली; मी इंग्रजी बातम्या वाचायची, प्रशिक्षक काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाला, आणि शुक्रवारी संध्याकाळी तू फोन केलास की तुला मराठीत सांगायची. मग भांडण. त्याआधी, खरं सांगायचं तर, आपले फोन दिवाळी आणि आजारपण एवढ्यावर आले होते. बहीण-भाऊ म्हातारे झाले की बोलायला कारण लागतं. सम्यकने ते दिलं. त्याचे आभार मानायला मी तुला सांगणार होते, राहून गेलं.

आणि दोंडाईचेकर. त्या उंच, हडकुळ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचं खरं नाव तुला उच्चारता येईना. तू म्हणालास, हा अगदी माझ्या शाळेच्या संघातल्या दोंडाईच्याच्या पोरासारखा उडी मारतो, आणि तेव्हापासून तो आपल्यात दोंडाईचेकर झाला. कॅनडात श्रावस्ती तिच्या मैत्रिणींनाही त्याचं नाव तेच सांगते म्हणे.

पहिल्या हंगामात त्याने आपल्याला तारलं. यंदा दिवाळीच्या आधी त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. नावापुढे पिवळा त्रिकोण आला आणि त्यावर बोट ठेवलं की खेळण्याची शक्यता दिसायची: पंचाहत्तर टक्के, मग पन्नास. एकदा तो परत आला, अर्धा सामना खेळला आणि गुडघा धरून खाली बसला. त्या शुक्रवारी मी तुला पहिल्यांदा म्हटलं, नाना, आता याला काढू या.

माझं म्हणणं साधं होतं. संघात जागा मोजक्या. न खेळणारा माणूस जागा अडवतो, अ‍ॅपमधली त्याची किंमत रोज उतरते आणि आपण खाली सरकतो. तुझं म्हणणं त्याहून साधं होतं. जखमी पोराला मी कधी संघातून काढलं नाही. शिवाय तुझा एक सिद्धान्त होता. मागे आपण एका मधल्या फळीतल्या खेळाडूला दुखापतीपायी काढलं आणि पुढच्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. तेव्हापासून तू म्हणायचास, अक्का, औषधापेक्षा तुझं बटण लागू पडतं. आपण काढलं की माणूस बरा होतो.

मी म्हणायची, हे अवैज्ञानिक आहे. तू म्हणायचास, गोल दोन होते की नव्हते?

नाताळाच्या सुमारासची गंमत मुलांना पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहिते. पासवर्ड आपल्या दोघांकडे होता. एका शनिवारी सकाळी मी तुला न विचारता दोंडाईचेकरला काढलं आणि एक धडधाकट खेळाडू घेतला. जेवण झाल्यावर सहज पाहिलं तर दोंडाईचेकर आपल्या जागी. मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. पुन्हा काढलं. थोड्या वेळाने पाहते तर पुन्हा हजर. मी चष्मा पुसला, मोबाईल बंद करून चालू केला, आणि तिसऱ्यांदा काढायला गेले तर मुदत संपली होती. रविवारी मुलांचा फोन आला तेव्हा दोघंही बोलण्याआधी हसतच होती. आपल्या संघाने त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त बदल केले होते, त्यासाठी गुण कापून घेतले होते, आणि संघ होता तसाच होता. श्रावस्ती म्हणाली, आजी, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध खेळताय.

तुला मी फोन लावला. बटण बिघडलंय का रे, असं मी विचारलं. तू म्हणालास, “बटन बिघडेल नव्हतं, अक्का. ते मी व्हतू.”

मी तुझ्यावर चिडले होते. आता ते आठवून हसू येतं.

मग तो बुधवार. तुझ्या सुमनचा फोन आला, की यांच्या छातीत दुखतंय, ऑटोत घालून नेलं, आता आत घेतलंय. मी एसटीने निघाले. पारोळ्याच्या पुढे रस्ता कधी संपला मला आठवत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर सुमन बाकावर बसली होती, तुझ्या चपला पिशवीत घालून मांडीवर धरलेल्या. डॉक्टर तरुण होता, बोलायला नम्र. पन्नास टक्के धरा, तो म्हणाला, दिवसेंदिवस बघू. सुमन माझ्याकडे पाहू लागली. आयुष्यभर या घरात कागदावरचं, औषधावरचं, सरकारी पत्रातलं इंग्रजी मीच समजावून सांगितलं. हे तर मराठीत होतं, आणि मला ते सांगता येईना.

दिवसेंदिवस बघू. नाना, हे वाक्य मी तुला किती शुक्रवार वाचून दाखवलं होतं. तिकडचा प्रशिक्षक दर आठवड्याला तेच म्हणायचा. तू हसून म्हणायचास, याचा अर्थ त्यालाही माहीत नाही.

शनिवारी मी तिथंच होते. मुदत जवळ आली तसा मोबाईलने आठवण करून दिली. मी अ‍ॅप उघडलं. दोंडाईचेकर, पिवळा त्रिकोण, पन्नास टक्के. माझं बोट काढण्याच्या खुणेवर गेलं. तुझा सिद्धान्त आठवला: काढलं की बरा होतो. मी, जी कुणाला साधी दृष्ट काढू देत नाही, जिने विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव शिकवला, ती मी रुग्णालयाच्या बाकावर बसून हा सौदा खरोखर विचारात घेत होते. आणि लगेच दुसरी भीती. काढलं आणि आत काही झालं तर? सुमनला वाटलं मी मुलांना निरोप पाठवतेय. तिने विचारलं, काय लिहिलं त्यांना? मी म्हटलं, काही नाही अजून. आणि खरोखर काही केलं नाही. मुदत गेली. तो राहिला.

संध्याकाळी मला आत सोडलं. तू जागा होतास. मास्क बाजूला केलास, नर्स रागावली, तू तिच्याकडे तुझ्या मैदानावरच्या नजरेने पाहिलंस. मला वाटलं, सुमनचं काही सांगशील. तू विचारलंस, त्याला काढलं का. मी म्हटलं, नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला पकडल्यासारखं. म्हणालास, “मंग इतलं भांडनी कसाले?”

नर्सने मास्क पुन्हा लावला. मी तुझा हात हातात घेतला आणि उद्या सांगते म्हटलं. मला नेहमी मुद्दे मांडून बोलायची सवय. रात्रभर मी मुद्देच जुळवत होते. पहाटे त्यांनी सुमनला आत बोलावलं, आणि मला कळलं की आता ते मुद्दे कुणाला ऐकवायचे नाहीत.

आता खरं भांडण काढते. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात गर्दी होती. वंदना झाली, लोक उठले, आणि एक उंच माणूस माझ्यापाशी आला. पन्नाशी ओलांडलेला, पायजमा, पांढरा शर्ट, बोटांना मिरचीचा वास. मी युवराज, दोंडाईच्याचा, तो म्हणाला. मिरचीचा व्यापार आहे. सरांचा विद्यार्थी. मी त्याला बघतच राहिले. तू सांगायचास तसाच हडकुळा. मी त्याला म्हटलं, तुमचं नाव घेऊन माझा भाऊ दर शुक्रवारी माझ्याशी भांडायचा. जखमी झालात तरी तुम्हाला त्याने संघातून काढलं नाही म्हणून.

तो गोंधळला. “नाही मॅडम,” तो म्हणाला, “सरांनी मला त्याच संध्याकाळी काढलं.”

मी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याने सगळं सांगितलं. पाचोऱ्याला विभागाचा अंतिम सामना होता. आदल्या दिवशी सरावात त्याचा गुडघा फिरला. तो वसतिगृहात राहायचा. गुडघ्याला पट्टी घट्ट गुंडाळून तो तुझ्यासमोर आला आणि काही झालं नाही म्हणाला. तू त्याला शाळेच्या पायरीवर उभं केलंस आणि उतर म्हणालास. त्याला उतरता येईना. तू त्याच्या अंगातला शर्ट काढून दुसऱ्या मुलाला दिलास. तो रडला. तुला शिव्या दिल्या, म्हणाला, पाठ फिरवून दिल्या पण सरांनी ऐकल्या. आणि सकाळी तू त्याला उचलून एसटीत बसवलंस, पाचोऱ्याला नेलंस, सामनाभर शेजारी बसवून त्याला विचारत राहिलास, समोरचा कोण दमला, सर्व्हिस कुणाच्या अंगावर टाकू. सामना तुम्ही हरलात. पुढे गुडघा बरा होईपर्यंत रविवारी रविवारी तू दोंडाईच्याला जायचास, त्याच्या आईच्या हातचं खायचास आणि त्याच्याकडून पाय उचलायचा व्यायाम करून घ्यायचास.

सर रागीट होते का हो, मी विचारलं. रागीट नाही, तो म्हणाला, ऐकायचे नाहीत.

तो गेला आणि मी तिथंच बसून राहिले. दिवाळीपासून तू मला जे सुनावत होतास ते धादांत खोटं होतं. तू काढायचास. जागच्या जागी काढायचास, पोर रडलं तरी. मी म्हणत होते तेच तू आयुष्यभर करत आला होतास. माझ्या हातात असा पुरावा आला, आणि समोर तू नाहीस. नाना, तुला सांगते, त्या क्षणी मला दुःखापेक्षा संताप जास्त आला.

तेव्हापासून मी विचार करते आहे की मग याच एकाला तू का धरून बसलास. घरी येईपर्यंत मला एक उत्तर सुचलं होतं, बरोबर आहे की नाही ते तू सांगू शकत नाहीस. दोंडाईच्याच्या पोराला काढलं तरी त्याचं घर एसटीच्या टप्प्यात होतं. या पोराला एकदा काढलं की तो कुठे आहे, पाय कसा उचलतो, जेवतो का, हे आपल्याला दिसणार नव्हतं. रविवारी कुठे गेला असतास तू? पण तू खरंच असा विचार केलास की मीच तो तुझ्यावर लादते आहे, मला कळत नाही. कदाचित तू नुसता हट्टी होतास. तेही शक्य आहे, आणि तसं असेल तर मला तेही हवं आहे.

आता आजचं. बातमी अशी आहे: दोंडाईचेकर गवतावर एकटा हळूहळू धावतो आहे. प्रशिक्षकाला पत्रकारांनी विचारलं, कधी परत येईल? तो म्हणाला, दिवसेंदिवस बघू. मी ते वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. या वाक्यावर माझा आता विश्वास नाही. दुसरीकडे, गवतावर धावतो म्हणजे खरंच येत असेल. मी आज काढलं आणि पुढच्या शनिवारी त्याने दोन गोल केले तर? तू तर म्हणायला नसशील. मीच मला म्हणेन, तुझ्या आवाजात.

मुलं गप्प आहेत, आणि त्यांचं गप्प असणं मला जास्त टोचतं. इतर वेळी श्रावस्ती काढा काढा म्हणून डोकं खायची. आता सम्यकने एवढंच लिहिलं, आजी, घाई नाही, हवं तर तुमचा संघ हंगामभर आहे तसाच गोठवून ठेवू. गोठवून. चांगल्या मनाने लिहिलं त्याने. पण नको. तू जिवंत माणूस होतास. तुझा संघ मी फोटोसारखा हार घालून भिंतीवर लावणार नाही.

म्हणजे काढायचं. ठरलं. आणि ठरल्यावर जे समोर आलं त्याने मी आणखी घाबरले. काढायचं कुणाला हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. त्याच्या जागी घ्यायचं कुणाला, हा प्रश्न तू कधी येऊच दिला नाहीस. तुझ्याशी वाद घालता घालता मी एवढी गुंतले होते की पुढचं पाऊल मी कधी पाहिलंच नव्हतं. तीन नावं मी वाचून काढली. तिघांचे आकडे सारखे. कोण कसा धावतो हे मला दिसत नाही. ते बघणं तुझं काम होतं.

एवढं लिहून मी उठले, कारण मुदतीला थोडाच वेळ राहिला होता. पुढचं आता चहा झाल्यावर लिहिते आहे.

मी सुमनला फोन लावला. सल्ला मागायला नाही. माझ्या मनात आलं की संघ अर्धा तुझा होता, म्हणजे आता तिचा, तर काढताना निदान तिच्या कानावर घालावं. तू गेल्यापासून ती मोजकंच बोलते. विचारलं की जेवले म्हणते, आणि मला खात्री वाटत नाही. आपल्या खेळाला ती मोबाईलमधला पोरखेळ म्हणायची. शुक्रवारी आपलं भांडण सुरू झालं की मागे भांडी आपटायची, तेवढाच तिचा सहभाग असं मी धरून चालले होते.

मी तिला सांगितलं, सुमन, दोंडाईचेकरला आज काढते आहे.

मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, “त्यानी जागावर कोन येस?”

मी म्हटलं, तेच मला कळत नाही. तीन आहेत. ती म्हणाली, दाखवा. मी फोन बंद करून व्हिडिओ लावला. तिघांचे फोटो मोबाईलवर कसे पाठवायचे ते मला आलं, पण व्हिडिओ आणि फोटो एकदम सांभाळताना माझी त्रेधा झाली आणि ती तिकडून शांतपणे म्हणत होती, अक्का, कपाळ दिसतंय तुमचं, फोटो नाही. शेवटी फोटो दिसले. तिने चष्मा लावला. मी तिला कोणाचे किती गोल ते सांगू लागले, तिने हातानेच थांबवलं.

“हाऊ,” मधल्या फोटोकडे बोट करून ती म्हणाली. “बाकीना दोन्ही हसी राहिनात. हाऊ कामले निंघेल दिखस.”

मी त्याला घेतलं. दोंडाईचेकरच्या नावावर बोट ठेवलं, अ‍ॅपने नक्की का म्हणून विचारलं, आणि मी डोळे न मिटता हो दाबलं. पिवळा त्रिकोण गेला. काही झालं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत होता. सुमनने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं.

मग मी तिला सामन्याची वेळ सांगू लागले आणि कोणता चॅनल लावायचा तेही, तर ती म्हणाली, माहीत आहे मला. तुमच्या भावाशेजारी बसून इतके दिवस मी काय भिंत बघत होते का? आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहून, अगदी रोजच्या आवाजात, तिने पुढचं सांगितलं. “दिवाईलेच सांगेल व्हतं मी त्यासले, काढी टाका म्हनीसन. पाय टेकी नही राहिंता तो.”

तिने सामना सुरू व्हायच्या आत भाकरी टाकते म्हणून फोन ठेवला.

नाना, म्हणजे आपल्या संघात तिघं होते. मत दोन विरुद्ध एक होतं. आणि तरी तो आज दुपारपर्यंत संघात होता.